किडा कधी निघतो, हे नदीवरच्या माणसाला विचारा



रोहिणी लागून चार दिवस झाले. दुपारी अंगाची लाही होतेय, संध्याकाळी मावळतीला ढग चढतात, वावटळ सुटते आणि चार थेंब पडून सगळं विरून जातं. पण एक दमदार वळीव झाला, जमीन वीतभर ओली झाली, की पुढच्या काही राती फार मोलाच्या आहेत. त्या कशासाठी, ते सांगायला आजची नोंद. जरा नदीवरनं फिरून मग बांधावर येऊ.

आपली सिंदफणा पाटोद्याकडच्या डोंगरात उगवते, माजलगावला धरणात अडते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पात्रात नुसते डोह उरतात. त्या डोहांवर गळ टाकणारे एक भोईमामा आहेत. मी बऱ्याचदा त्यांच्याजवळ जाऊन बसतो. मामा आल्या आल्या गळ टाकत नाहीत. आधी काठाचा एखादा दगड उलटा करून बघतात. खाली बारीक सहा पायांच्या अळ्या चिकटलेल्या असतात, काहींनी वाळूच्या कणांची नळी करून त्यात घर केलेलं असतं, चिखलात रक्तासारख्या लाल अळ्या वळवळतात. मामा म्हणतात, "दादा, मासा काय खातोय ते आधी बघावं. आपल्याला काय खाऊ घालायचंय ते मागनं."

या अळ्या कित्येक आठवडे, काही तर महिनोन्‌महिने पाण्याखाली काढतात. मग एखाद्या संध्याकाळी, वारा पडला, हवा दमट झाली की हजारोंनी वर येतात, कात टाकतात, पंख वाळवतात आणि उडतात. त्यातल्या काहींना तर मोठेपणी खायला तोंडच उरत नाही. जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी टाकायची आणि मरायचं. एक-दोन दिवसांचा खेळ. त्या संध्याकाळी डोहावर पाऊस पडल्यासारखी वर्तुळं उठतात. मासा वर आलेला असतो आणि कणकेच्या गोळीकडं ढुंकूनही बघत नाही.

माझा मावसभाऊ फौजेत होता. त्यानं हिमाचलात कुल्लूकडं हाच खेळ बघितला. तिकडं बियास आणि तीर्थन नद्यांत ट्राउट नावाचा मासा आहे. मूळचा आपल्या देशातला नाही, इंग्रजांनी आणून सोडलेला. त्याला बर्फाचं गार, वाहतं पाणी लागतं, आपल्या डोहात तो एक दिवसही काढणार नाही. हौशी लोक त्याला गांडूळ लावून धरत नाहीत. गळाच्या आकड्यावर पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. नदीवर त्या आठवड्यात जी माशी निघाली असेल, तसलीच माशी बांधावी लागते. रंग-आकार चुकला की मासा तोंड लावत नाही. चैत्र-वैशाखात पाणी निवळ असतं तेव्हा एक हंगाम, मग बर्फाचं आणि पावसाचं गढूळ पाणी, आणि पाऊस उघडल्यावर दुसरा हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, कारण तो अंडी घालायचा काळ. बंद म्हणजे सगळ्यांना बंद. एकानं पाळून उपयोग नसतो.

हे सगळं हजारोंनी एकदमच का निघतं? एकेक करून निघाले असते तर मासे आणि पाखरांनी एकेक करून सगळे संपवले असते. एकदम निघाले की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरी पुष्कळ उरतात. शिवाय आयुष्यच दोन दिवसांचं, मग नर-मादीची गाठ पडायची तर एकाच वेळी बाहेर यायला हवं. किड्याची ही ताकद आहे, आणि हीच त्याची कमजोरी. वर्षभर लपलेला असतो, पण त्या वेळी उघड्यावर सापडतो.

आता बांधावर या.

हुमणीचे भुंगेरे आत्ता तुमच्या-माझ्या रानात जमिनीखाली तयार होऊन बसलेत. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसाची वाट बघतायत. पाऊस झाला की दिवस मावळल्यावर निघतात, लिंब, बाभळ, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं आणि पहाटेआधी परत मातीत जातात. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी घालते. वर्षातून एकच पिढी. म्हणजे आपल्याला वर्षातून एकदाच ही संधी.

ती हुकली तर काय होतं, ते आमच्या भावकीतल्या एका रानात सगळ्यांनी बघितलंय. भादव्यात ऊस पिवळा पडायला लागला. पाणी कमी पडलं असेल, खत कमी पडलं असेल, अशा चर्चा झाल्या. मग एक बेट हाताला धरून ओढलं तर मुळासकट अलगद वर आलं. मुळ्याच नव्हत्या. खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, जाड अळ्या. त्या वयाच्या अळीला औषध दाद देत नाही आणि उभ्या उसात खोल पोचतही नाही. सोसायटीचं कर्ज उसावर, आणि ऊस असा. पोरीचं लग्न त्या साली पुढं ढकललं. जी अळी भादव्यात आवरत नाही, तिची आई जेष्ठात लिंबावर बसलेली असते. फांदी हलवली की खाली पडते.

म्हणून वळवानंतर संध्याकाळी सात ते नऊ घरात बसू नका. झाडाखाली जुनं धोतर नाहीतर ताडपत्री अंथरा, काठीनं फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. शेतात प्रकाश सापळा लावा. अंधाऱ्या पंधरवड्यात त्यावर जास्त येतात, पौर्णिमेच्या आसपास कमी. ज्यांचं शेततळं आहे आणि त्यात मासे आहेत, त्यांनी बल्ब पाण्यावर टांगावा. पडेल ते माशाच्या पोटात जातं. फक्त फवारलेल्या झाडाचे भुंगेरे माशाला किंवा कोंबड्यांना घालू नका.

एक मात्र सांभाळा. दिव्याला शत्रू-मित्र कळत नाही. मावा खाणाऱ्या क्रायसोपाची हिरवी, जाळीदार पंखांची माशीसुद्धा दिव्यावर येते. भुंगेऱ्यांचा जोर संध्याकाळी असतो, म्हणून नऊ-साडेनऊला दिवा बंद करा. रात्रभर जाळू नका.

कपाशीतही हाच हिशोब आहे. गुलाबी बोंडअळीचे पतंग जुन्या पऱ्हाट्यांतून मे-जूनमध्ये निघतात. तेव्हा शेतात पात्या-फुलं नसली तर त्यांची पुढची पिढी जगत नाही. शास्त्रज्ञ याला आत्मघाती उत्पत्ती म्हणतात. आपण मे महिन्यात ठिबकावर कपाशी लावली की त्यांना आयतं ताट मिळतं. 2017 साली बोंडअळीनं आपली काय अवस्था केली, ते वेगळं सांगायला नको. म्हणून धूळपेरणी नको, पऱ्हाटी शेतात ठेवू नका.

भुंगेऱ्याला सातबारा कळत नाही. माझ्या लिंबावरचे मी वेचले आणि तुमच्या बाभळीवरचे राहिले, तर अंडी माझ्याही उसात येणार. तिकडं नदी बंद असते तेव्हा सगळ्यांना बंद असते, तसं इथं वेचायचं तर सगळ्या शिवारानं एकाच वेळी वेचायला हवं. वळीव झाला की त्याच रात्री गावातल्या ग्रुपवर निरोप टाका. दहा पोरं, चार बॅटऱ्या, दोन ताडपत्र्या एवढंच भांडवल लागतं.

आणि नदीकाठच्यांनो, फवारणीचा पंप डोहात धुऊ नका. त्या दगडाखालच्या अळ्या मेल्या की मासा उपाशी, आणि मामांचा गळ रिकामा.

तुमच्या शिवारात पहिला भुंगेरा कोणत्या तारखेला आणि कोणत्या झाडावर दिसला, ते गाव आणि तालुक्यासह लिहून कळवा. चार-पाच वर्षांच्या तारखा जमल्या तर आपलंच एक पंचांग तयार होईल.