वॉरंटी गेली म्हणजे नक्की काय गेलं?

गाड्यांचं वेड असलेली चार टाळकी एकत्र जमली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं म्हणजे, "बाहेरचा एक पार्ट लावलास की वॉरंटी गेली समज." आणि दुसरं, खास करून अमेरिकेतल्या मित्रांच्या तोंडी, "हॅट्, कंपनी काही करू शकत नाही. कायदा आहे!" दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत. गाडी स्पोर्ट्स कार असेल, तर उरलेलं अर्धं बरंच महागात पडू शकतं.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो टेक्सासमधल्या एका कॉलेजच्या मित्रामुळे. त्याच्याकडे टर्बो इंजिनची कूपे आहे. वॉरंटीची दीड-दोन वर्षं बाकी, कर्जाचे हप्ते त्याहून जास्त बाकी. साहेबांना गाडी 'ट्यून' करून घ्यायची होती. फोनवर म्हणाला, "अरे, लॅपटॉप जोडायचा, नवीन सॉफ्टवेअर टाकायचं, झालं! तू तर सॉफ्टवेअरवाला, तुला काय सांगायचं?" म्हटलं, बघू तरी. दोन वीकेंड घातले त्यात.

आधी कायदा. त्याचं नाव मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट, साल १९७५. 'आमच्याच ब्रँडचा पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द' अशी अट कंपनीला घालता येत नाही, असं तो सांगतो. (कंपनी तो पार्ट फुकट देत असेल किंवा फेडरल ट्रेड कमिशननं खास सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी.) हा कायदा नुसता कागदावर पडून नाही. अशाच अटींवरून या कमिशननं २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर आणि २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली होती.

पण तुमच्या पार्टमुळे जे मोडलं त्याचे पैसे कंपनीनं भरावेत, असं हा कायदा कुठेच म्हणत नाही. कमिशनची भूमिका साधी आहे. पार्ट बाहेरचा आहे, एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारता येणार नाही. पण त्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरता नाकारता येईल, आणि तसं दाखवून देणं हे कंपनीचं काम.

म्हणजे वॉरंटी हा एकच मोठा स्विच नाहीये, ऑन किंवा ऑफ. प्रत्येक बिघाडाला वेगळा प्रश्न विचारायचा: हे कशामुळे मोडलं? सायलेन्सर बदललाय म्हणून पॉवर विंडोची मोटर नाकारली, तर तुम्ही खुशाल भांडा. पण ट्यून केलेल्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, तर भांडण अवघड आहे. कारण ट्यून म्हणजे टर्बोचं बूस्ट वाढवायचं, त्याप्रमाणे इंधन आणि स्पार्कचं टायमिंग बदलायचं. त्यातून टॉर्क वाढतो. हा वाढलेला टॉर्क कनेक्टिंग रॉड, क्लच, गिअरबॉक्स असं करत चाकांपर्यंत जातो. वाटेतलं काहीही तुटलं की ट्यूनवर बोट ठेवायला जागा आहेच.

इथे मित्रानं त्याचा हुकमी पत्ता टाकला. "डीलरकडे न्यायच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचं. कोणाला कळतंय?"

कळतं रे बाबा. काही गाड्यांच्या ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याचा काउंटर असतो. मूळ फाइल परत टाकली तरी तो मागे जात नाही, उलट आणखी एकानं वाढतो :) फोक्सवॅगन आणि ऑडीच्या डीलरकडचं यंत्र गाडीतलं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी ताडून बघू शकतं. जुळलं नाही, तर त्या गाडीच्या नावापुढे 'टीडी-१' असा शेरा लागतो. तो लागला की इंजिन-गिअरबॉक्सचे क्लेम मिळवणं फार कठीण. आपण ऑफिसात चेकसम आणि लॉग बघून कोणी काय बदललं ते शोधतो ना, तेच.

निस्सान जीटी-आरचं उदाहरण तर याच्याही पुढचं. २००८ मध्ये ही गाडी अमेरिकेत आली. तिच्यात लाँच कंट्रोल होतं, पण ते वापरायला व्हीडीसी ही स्थिरता सांभाळणारी यंत्रणा बंद करावी लागायची. काही लोकांचे गिअरबॉक्स गेले. कंपनीनं गाडीतल्या रेकॉर्डरमधली नोंद बघितली आणि सांगितलं, व्हीडीसी बंद करून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बाहेरचा एक नटसुद्धा लावलेला नव्हता, बटण कंपनीनंच दिलेलं होतं! पुढे निस्साननं सॉफ्टवेअर बदलून लाँच जरा सौम्य केलं, ते वेगळं. पण गाडी स्वतःच्या मालकाविरुद्ध साक्ष देते, हे तेव्हा लोकांना कळलं.

"पण सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे ना?" मित्र.

आहे. पण कुठे? गाडी डीलरच्या वर्कशॉपमध्ये उघडून पडलेली. लॉग कंपनीकडे. सर्व्हिस ॲडव्हायझर 'नाही' म्हणून मोकळा. आता स्वतंत्र तज्ज्ञ तू शोधायचास, पत्रं तू लिहायचीस, कोर्टात जायचं तर तूच जायचंस. तोवर हप्ते चालू आणि टेक्सासमध्ये ऑफिसला जायला भाड्याची गाडी, कारण तिथे गाडीशिवाय पान हलत नाही. कायदा तुझ्या बाजूनं असेलही, पण ते कळेपर्यंतचे सगळे महिने तुझ्या खिशातून जाणार.

मग हौस मारायची का? अजिबात नाही. मधला रस्ता आहे. मस्टँगसाठी फोर्ड परफॉर्मन्सची काही किट्स नेमून दिलेल्या पद्धतीनं बसवली, तर त्यांना स्वतःची वॉरंटी मिळते. बीएमडब्ल्यूसाठी डिनानसारख्या ट्यूनरनं याच गोष्टीवर धंदा उभा केला. पैसे जास्त लागतात, पॉवर जरा कमी मिळते, पण तो फरक म्हणजे विम्याचा हप्ताच समजा. मित्रानं शेवटी डीलरकडून नव्या गिअरबॉक्सचा आकडा मागवला. आकडा बघून सध्या चांगले टायर आणि ब्रेक पॅडवर समाधान मानलंय.

आपल्याकडे रिमॅप करू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण ते दुरुस्तीबद्दल होतं, पॉवर वाढवण्याबद्दल नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा विमा कंपनी काय म्हणेल, हेही आधीच विचारून घ्या.

बाकी माझा हिशेब सोपा आहे. ट्यूनची किंमत म्हणजे ट्यूनरचं बिल नव्हे. ते बिल अधिक एक गिअरबॉक्स. एवढे पैसे बाजूला काढून ठेवूनही रात्री झोप लागत असेल, तर खुशाल बूस्ट वाढवा. नसेल लागत, तर गाडी अजून बँकेची आहे, हे लक्षात असू द्या.