आमचं जादूखातं

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी जादूगार झालो. म्हणजे, मला करण्यात आलं.

दर रविवारी दुपारी आमचा नातू चिन्मय आणि त्याचे मित्र आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. पूर्वी आमच्याकडे ब्रिजचा अड्डा बसायचा, तेव्हा चौथा भिडू आला नाही की वरच्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांना झोपेतून उठवून आणीत असू. तो प्रसंग आता माझ्यावर आला. एका रविवारी कुणाचा तरी क्लास निघाला आणि चिन्मय माझ्या आरामखुर्चीपाशी येऊन म्हणाला, "आजोबा, आमचा जादूगार आला नाही. तुम्ही बसता?"

मी उठलो आणि बसलो.

या खेळाला पट नाही, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. (शकुनीमामा सहा बाजूंवर एवढं करून गेले. वीस मिळाल्या असत्या तर युद्धापर्यंत गोष्ट जातीच ना!) हा खेळ १९७४ साली निघाला. निर्माते दोन, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गाव लेक जिनिव्हा. मी लगेच स्वित्झर्लंडचं हवामान काढलं, तर हे लेक जिनिव्हा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात निघालं. पण या गायगॅक्ससाहेबांनी आधी विमा कंपनीत नोकरी केली होती हे कळलं मात्र, आणि माझी कळी खुलली. या जादूत प्रत्येक मंत्राखाली बारीक अक्षरांत अटी का आहेत, याचा उलगडा झाला. अग्निगोळ्याचंच बघा. जुन्या पुस्तकात लिहिलंय की त्याचा स्फोट तेहतीस हजार घनफूट जागा व्यापतो. खोली लहान असेल तर उरलेली आग दारातून मागे येते आणि फेकणाऱ्यालाच भाजून काढते. हे घनफूट कवीला सुचणार नाहीत. त्याला क्लेम नाकारलेला माणूसच पाहिजे.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. त्यामुळे चिन्मय जेव्हा सांगू लागला, की या जगातल्या जादूच्या आठ शाखा आहेत आणि प्रत्येक मंत्र कुठल्या तरी एका शाखेचाच असतो, तेव्हा मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. मूळ नावं ॲब्ज्युरेशन, नेक्रोमन्सी अशी आहेत. ती माझ्या कवळीला पेलत नाहीत. म्हणून मी त्यांना खाती म्हणतो: रक्षणखातं, आवाहनखातं, भविष्यखातं, मोहिनीखातं, आगखातं, आभासखातं, प्रेतखातं आणि रूपांतरखातं. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या खात्यांची नीट घडी बसली. एका खात्यात प्रावीण्य मिळवायचं तर विरुद्ध खात्याचे मंत्र कायमचे सोडावे लागत. आमच्या वेळी आर्ट्सला गेलेल्याला पुन्हा सायन्सच्या दारात उभं करत नसत, तसंच.

पण मला खरा गहिवर आला तो जखम भरून काढण्याच्या मंत्राची सर्व्हिस-शीट ऐकून. तो मुळात पुरोहितांचा मंत्र, पण नोंद याच आठ खात्यांपैकी एकात व्हायची. १९८९ साली तो होता प्रेतखात्यात. का, तर जीव जाणं आणि जीव येणं हा एकाच टेबलाचा विषय. २००० साली नवी आवृत्ती आली आणि त्याची बदली आवाहनखात्यात झाली. २०१४ साली आगखात्यात. आणि २०२४ साली रक्षणखात्यात! पन्नास वर्षांत या गरिबाने चार खाती पाहिली आणि काम मात्र बदललं नाही. तेव्हाही जखमेवर हात ठेवायचा, आताही तेच. आमच्या कचेरीतही असा एक हेडक्लार्क होता. त्याच्या चार बदल्या झाल्या, आणि चारही ठिकाणी तो एकटाच काम करायचा.

मोहिनीखात्याबद्दल फारसं सांगत नाही, कारण ही ऐकतेय. त्या खात्यात समोरच्याला भुलवण्याचा एक मंत्र आहे. तासभर तो माणूस तुम्हाला आपला स्नेही समजतो. "पण तास संपला, की त्याला कळतं आपल्याला भुलवलं होतं," चिन्मय म्हणाला.

"मला आठवड्यात कळलं होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आता साहित्याकडे वळतो. मंत्र नुसता म्हणून चालत नाही, काही मंत्रांना हातवारे लागतात, काहींना सामान लागतं. अग्निगोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. शी म्हणू नका. वाघळांच्या विष्ठेतून सोरा काढता येतो, आणि सोरा, गंधक, कोळसा म्हणजे बंदुकीची दारू. विजेचा लोळ सोडायचा तर काचेची कांडी आणि केसाळ कातड्याचा तुकडा. हा प्रयोग आम्ही आठवीत केला होता, कागदाचे कपटे उचलले होते. लोळ पडला तो निकालाच्या दिवशी. परकी भाषा कळण्यासाठी चिमूटभर काजळी आणि मीठ. ही म्हणाली, त्यातच दोन मिरच्या घाला, दृष्टही निघेल.

पण दुसऱ्याच्या मनातलं ओळखायच्या मंत्राला तांब्याचं नाणं का, हे मला कळेना. चिन्मयने फोड केली, की विचारात गढलेल्या माणसाला इंग्रजीत 'तुझे विचार एका पेनीला देतोस का' असं गमतीने विचारतात. आभासखात्याच्या मंत्रांना लोकरीचा पुंजका लागतो, कारण साहेब फसवतो तेव्हा डोळ्यांवर लोकर ओढतो. म्हणजे सगळी जादू साहेबाच्या वाक्प्रचारांवर चाललेली! मी म्हटलं, हा अन्याय आहे. आमच्या जादूगाराने तांब्याची नाणी आणायची कुठून?

"मग मराठी सामान सांगा, आजोबा."

मी विचार करतोय तोवर ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने टेबलावर मूठभर तूर ठेवली. "अदृश्य व्हायला," ती म्हणाली. "समोरच्याच्या हातावर द्यायच्या आणि निघून जायचं."

पोरं बघत राहिली. चौघांपैकी तिघांना हातावर तुरी देणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मग मात्र मला जोर चढला. शत्रूला मुका करायचा तर मिठाची गुळणी. आभासखात्याला विड्याची पानं, समोरच्याच्या तोंडाला पुसायला. मोहिनीखात्यात लोकर नको, नाणं नको, हरभऱ्याचं एक रोप पुरे. माणसाला त्यावर चढवा, खाली उतरायला तो तासभर घेतो. रक्षणखात्याला कानाला लावायचा खडा. तो लढाई संपल्यावरच लागू पडतो, ही त्याची अडचण आहे. एका पोराने हे सगळं मोबाइलवर लिहून घेतलं आणि विचारलं, "नाकाने कांदे सोलणं कुठल्या खात्यात?" रूपांतर, असा निर्णय मी दिला.

एवढं झाल्यावर मी प्रत्यक्ष लढाईला उतरलो. नव्या नियमांत जादूगाराला मंत्र लक्षात राहतो, फक्त दिवसाचा कोटा संपतो, आणि आठ तासांची विश्रांती झाली की तो परत मिळतो. जुन्या आवृत्त्यांत तसं नव्हतं. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून गायगॅक्ससाहेबांनी एक कल्पना उचलली होती. जादूगाराच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात. ते सकाळी पोथीतून पाठ करायचे. आणि मंत्र तोंडातून बाहेर पडला, की तो डोक्यातून पुसला जातो. साफ. पुन्हा पाठ करीपर्यंत एक अक्षर आठवत नाही.

मी म्हटलं, मी जुन्या नियमाने खेळणार.

जुन्या नियमात नवशिक्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळतो आणि त्याचा जीव एक ते चार गुणांचा असतो. तेवढ्या जिवाला मांजराने ओरबाडलं तरी कार्यभाग उरकतो. मी निद्रेचा मंत्र घेतला. त्याला बारीक वाळू किंवा गुलाबाच्या पाकळ्या लागतात. दुपारी मला तो विनासाहित्यही जमतो. गुहेच्या तोंडाशी चार गॉब्लिन, म्हणजे बुटकी, दात विचकणारी चोरटी मंडळी आली. मी मंत्र टाकला, चारही घोरायला लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला कित्येक वर्षांत टाळ्या मिळाल्या नव्हत्या. निरोपसमारंभातल्या धरायच्या नसतात.

पुढच्या वळणावर आणखी सहा आले. "मी पुन्हा झोपवतो," मी म्हटलं.

"नाही आजोबा. तुम्ही विसरलात."

तो खेळातलंच बोलत होता. पण मी जरा गप्प झालो.

त्याचं असं आहे. जूनमध्ये मी संध्याकाळी फिरायला गेलो होतो. परतताना चौकात आलो आणि आमची गल्ली डावीकडची की उजवीकडची, ते आठवेना. सव्वीस वर्षं मी या गल्लीत राहतो. डोकं लख्ख होतं, पंतप्रधानांची नावं ओळीने म्हणता येत होती, फक्त गल्ली पुसली गेली होती. कुणाला विचारणार? चौकातला पानवाला मला नावाने ओळखतो. मग मी एक युक्ती केली. घरी फोन लावला आणि म्हटलं, कोथिंबीर आणायची का? हेतू हा, की ही म्हणेल, हो, आणा, अमक्या दुकानातून वळताना. ही म्हणाली, "अहो, सकाळी तुम्हीच नाही का आणलीत?" आणि फोन ठेवला. मी आणखी दहा मिनिटं तिथे उभा राहिलो. शेवटी आमच्या बिल्डिंगचं कुत्रं दिसलं. त्याच्या मागोमाग घरी आलो. उशीर का झाला, तर गर्दी होती, असं सांगितलं. हे मी कुणालाही बोललो नव्हतो. ते दोन-चार दिवस कुत्र्याला मात्र बिस्किटं जास्त घातली.

गुहेत मी काठी घेऊन सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. बाकीच्यांनी सहाही गॉब्लिन निस्तरले. खेळ आवरताना मी सहज म्हटलं, "मंत्र विसरणारा जादूगार काय कामाचा रे?"

"सगळेच विसरायचे," चिन्मय म्हणाला. "म्हणून तर वही असते. सगळ्यात मोठा जादूगारसुद्धा रोज सकाळी वहीत बघतो. त्यात लाजायचं काय? उलट वही चोरीला गेली तर त्याची पंचाईत."

पुढच्या रविवारी त्याने मला जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही आणून दिली. आता सकाळचा चहा झाला, की मी ती घेऊन बसतो आणि दिवसाचे मंत्र पाठ करतो. पांढरी गोळी जेवणाआधी, पिवळी नंतर. बँकेत हयातीचा दाखला. तळमजल्यावरच्या गृहस्थांचं नाव. (ते मला रोज नावाने हाक मारतात आणि मी दोन वर्षं त्यांना 'काय साहेब' म्हणून वेळ मारून नेतोय.) काम झालं, की ओळीवर काट मारायची आणि खुशाल विसरायचं. जुना नियमच आहे तो.

पहिलं पान मात्र चिन्मयने आधीच लिहून ठेवलं होतं. मला वाटलं, अग्निगोळा असेल. त्यावर होतं: 'मारुतीच्या देवळापासून डावी गल्ली. तिसरी बिल्डिंग. दुसरा मजला.' मी त्याच्याकडे पाहिलं. तो फासे डबीत भरत होता. पाच फासे भरायला त्याला बराच वेळ लागत होता.

खाली हिच्या अक्षरात एक ओळ होती: 'येताना कोथिंबीर.'

मी आणली. दोन जुड्या. घरात एक आधीच होती.