अंगठ्याची साक्ष

स्कॉट स्मिथ या अमेरिकी डॉक्टरने पूर्ण जागेपणी स्वतःला क्युरारे टोचून घेतले. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावतात ते हे विष. १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरले होते. त्याने माणसाची शुद्धही जाते का, हा वाद उरला होता. स्मिथचे सगळे अंग लुळे पडले, सहकाऱ्यांनी त्याचा श्वास बाहेरून चालू ठेवला. १९४७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : त्याला ऐकू येत होते, कळत होते, दुखतही होते. फक्त बोलता येत नव्हते.

हा इतिहास मी वाचला तो कामापुरता. वडोदऱ्यातल्या एका रुग्णालयाच्या भूलशास्त्र विभागात नवे यंत्र येणार होते आणि रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद माझ्याकडे होता. गुजरातीत आणि हिंदीत ‘भूल’ म्हणजे चूक. त्यामुळे गुजराती अनुवादकाला आमच्या ‘भूल देण्या’ची गंमत वाटे. माझी अडचण वेगळी होती. मराठीत सगळेच ‘भूल’ या एका शब्दात जाते. पण शुद्ध हरपवणारे औषध वेगळे आणि स्नायू सैल करणारे वेगळे. पहिले उतरले आणि दुसरे अंगात राहिले, तर माणूस जागा होतो आणि सांगू शकत नाही.

यंत्र या दुसऱ्या औषधाचा माग काढते. मनगटाशी, करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर दोन इलेक्ट्रोड चिकटवतात. दोन सेकंदांत विजेचे चार हलके झटके देतात. दर झटक्याला अंगठा आत वळतो. औषध उरले असेल तर चौथी हालचाल पहिलीपेक्षा दुबळी पडते. ही पद्धत लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी १९७० साली मांडली. चौथीला पहिलीने भागून येणारा आकडा किमान ०.९ झाल्याशिवाय घशातली नळी काढू नये, असे आज मानतात.

विभागातल्या ज्येष्ठ मॅडमना हे पटत नव्हते. “पेशंटने पाच सेकंद डोके उचलून धरले, माझा हात घट्ट दाबला की मला कळते. वीस वर्षे हेच करतेय.” त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरने वाद घातला नाही. आकडा ०.४ च्या वर गेला की चारही हालचाली डोळ्याला आणि बोटाला सारख्याच वाटतात, एवढेच त्याने सांगितले. मग मॅडमनी स्वतःच एका रुग्णाला यंत्र लावले. रुग्णाने डोके उचलले, पडद्यावर ०.६८ होते. नळी तशीच ठेवून त्या थांबल्या. पुढे मला म्हणाल्या, “मी नीट बघत नव्हते असे नाही हो. ते दिसण्यासारखे नव्हतेच.”

अनुभवी नजरेवर माझाही विश्वास आहे. अनुवाद त्याच्यावरच चालतो. पण माझे वाक्य लंगडे असले तर वाचक मला सांगतो. इथे ज्याने सांगायचे त्याचीच जीभ उचलत नसते.

माझ्या मावशीचे पित्ताशयाचे ऑपरेशन दुसऱ्या एका गावी झाले होते. “मला सगळे ऐकू येत होते गं,” ती सांगायची, “नर्सबाई चहाचे बोलत होत्या. मला श्वास पुरेना आणि पापणी उचलेना.” भुलीत असे भास होतात, असे तिला वॉर्डात सांगितले गेले. तिच्या अंगात तेव्हा औषध उरले होते का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कुणी मोजलेच नव्हते. मावशी गेली तोवर तो तिचा भासच राहिला.

पत्रकात ‘भूल’ मी पहिल्या औषधापुरतीच ठेवली. दुसऱ्याला सरळ ‘स्नायू सैल करणारे औषध’ म्हटले. आणि एक वाक्य मूळ मजकुरात नव्हते, ते मॅडमना विचारून घातले : ‘जाग आल्यावर श्वास पुरत नव्हता किंवा डोळे उघडत नव्हते असे आठवत असेल, तर आम्हाला जरूर सांगा, आम्ही नोंद तपासून पाहू.’ मॅडमनी ते दोनदा वाचले आणि गुजराती व हिंदी पत्रकांतही घालायला सांगितले.