दाऊन पायुंग : मलायाच्या रानांतील छत्रपत्र

सिंगापूरचें वनस्पति-उद्यान १८५९ सालीं स्थापन झालें आणि २०१५ सालीं त्याचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. तेथें येणाऱ्या प्रवाशांचा ओघ बहुधा ऑर्किडांच्या ताटव्यांकडे वळतो. आमचें पाऊल मात्र ताडांच्या विभागांत, उंच वृक्षांच्या दाट सावलींत खिळून राहिलें. समोर खोड असें दिसेचना. भूमींतून एकदम वर आलेला पानांचा झुबका, आणि त्यांतील एकेक पान पुरुषभर उंचीहून मोठें! शंकरपाळ्याच्या आकाराचें, देठापासून शेंड्यापर्यंत अखंड, आणि नुकत्याच चुणून ठेवलेल्या उपरण्याप्रमाणें त्यावर उभ्या घड्या. आपल्याकडील ताडाचें पान म्हणजे बोटें फांकलेला पंजा. येथें तींच बोटें जणूं अंजलींत जुळलीं होतीं.

मलायी भाषेंत यास 'दाऊन पायुंग', म्हणजे छत्रीचें पान, म्हणतात. तेथील रानांत राहणारे लोक या पानांनीं आपल्या झोंपड्या शाकारीत आले आहेत. भर पावसांत इरलें डोक्यावर घेऊन लावणी करणारीं कोंकणांतील माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें नांव समजावून सांगावयास नको. शास्त्रीय नांव मात्र लांबलचक: योहानेसतैस्मानिया. जावा बेटांतील बोगोर येथील उद्यानाची जोपासना करणारे डच वनस्पतिज्ञ योहानेस तैस्मान यांच्या आडनांवावरून एकोणिसाव्या शतकांत याचें बारसें झालें. परंतु तेंच नांव आधीं दुसऱ्या एका वनस्पतीस दिलेलें निघालें. एका संज्ञेचे दोन संज्ञी शास्त्रास चालत नाहींत. म्हणून १९६१ सालीं अमेरिकन ताडतज्ज्ञ हॅरॉल्ड मूर यांनीं नांव व आडनांव यांचा समास करून पेंच सोडविला.

या ताडाचा संसार मोठा काटकसरीचा. खोड जमिनींत दडलेलें. देठांचा झुबका नरसाळ्यासारखा. वरच्या वृक्षांचा पाचोळा त्यांत अडकतो, तेथेंच कुजतो आणि त्याचेंच खत होतें. इतरांनीं टाकलेल्यावर यानें आपलें वैभव उभारलें आहे.

याच्या एकंदर चार जाति. एक थायलंडच्या दक्षिण भागापासून सुमात्रा-बोर्निओपर्यंत आढळते. उरलेल्या तीन मलेशियाच्या द्वीपकल्पाबाहेर कोठेंहि रानांत उगवत नाहींत. त्यांतील 'मॅग्निफिका' जातीच्या पानाची पाठ रुपेरी असते. १९७२ सालीं जॉन ड्रान्सफील्ड यांनीं तिचें वर्णन याच उद्यानाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. परंतु हें रुपेंच तिच्या मुळावर आलें. हौशी लोकांसाठीं रानांतून बीं वेंचून नेलें जातें. मग नवीं रोपें उगवावींत कशीं? शिवाय तेलाच्या ताडासाठीं रानेंच्या रानें तोडलीं गेलीं. तो तेलताड मूळचा आफ्रिकेंतला. परदेशच्या ताडानें घरच्या ताडास घरांतून काढावें, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

आतां जोपासनेविषयीं. बीं ताजें असतांनाच पेरावें, आणि अंकुरासाठीं महिनेच्या महिने धीर धरावा. मूळ खोल जातें, म्हणून कुंडी उंच असावी आणि रोप वारंवार हलवूं नये. माती पाचोळ्याच्या खताची, नित्य ओलसर. परंतु पाणी तुंबतां कामा नये. कडक ऊन अंगावर घेऊं देऊं नये, कारण त्यानें पान करपतें; आणि वारा लागला कीं, तें अखंड पान चिरतें. देशावरील चैत्र-वैशाखाची कोरडी हवा यास सोसावयाची नाहीं. गोव्याच्या कुळागरांतील सुपारीची शिंपलेली सावली त्या मानानें बरी. वाढ अत्यंत मंद असल्यामुळें, आज साठी उलटलेल्यानें हें झाड नातवंडांसाठींच लावावें.

ऐपत व हौस असलेल्या कुटुंबांस आमची एवढीच विनंति आहे. परदेशाहून बीं आणावयाचें तर सरकारी परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. तो सर्वजण विचारतात. त्याबरोबर विक्रेत्यास आणखी एक प्रश्न विचारावा: या बियांची आई बागेंत आहे कीं रानांत? बागेंत असेल तर बीं आनंदानें घ्यावें. रानांतील असेल, किंवा उत्तर देतांना विक्रेता घुटमळेल, तर पैसे खिशांतच ठेवावे आणि सिंगापूरचें तिकीट काढावें. त्या सावलींत उभें राहून पान पाहण्यास कोणाचें कांहीं हिरावून घ्यावें लागत नाहीं.