वजन पिशवीसकट

"वजन किती?" भाड्याने सामान देणाऱ्या दुकानातल्या पोराने सगळ्यांदेखत विचारलं. मी जरा पुटपुटलेच. तर म्हणाला, पाठीवरच्या पिशवीसकट सांगा. बर्फात चालायला पायाखाली बांधायचे स्नोशू देताना बुटाचा नंबर कुणाला नको असतो. जेवढा भार तेवढी चौकट मोठी, म्हणजे तो बर्फावर पसरतो आणि माणूस मांडीपर्यंत रुतत नाही.

लेक सिएटलला असते, म्हणून माउंट रेनियर. तिथलं पॅरडाइज सुमारे 5,400 फुटांवर. 1971-72 च्या हिवाळ्यात इथे 1,122 इंच बर्फ पडला. तो न दबता साचला असता, तर आमची पुण्यातली चार मजली सोसायटी गच्चीवरच्या टाकीसकट दोनदा बुडाली असती.

बुटाचा चवडा पट्ट्यांनी आवळलेला, टाच मोकळी, खाली धातूचे दात. पाऊल उचललं की चौकटीचं शेपूट बर्फावर फरफटत येतं. पाय फाकवून चालायचं. ऐट वगैरे विसरायची. आणि मागे सरकायचं नाही, शेपूट रुततं. मी फोटोसाठी मागे रेलले तशी लेक ओरडली, "आई, मागे नको जाऊस! गोल वळ!" मग साधं मागे बघायचं तरी प्रदक्षिणा.

माझे स्नोशू भडक निळे, प्लास्टिकचे. जुने ॲशच्या लाकडाचे, कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी विणलेले असत. देखणे होते ते. पण त्याहून जुना एक आहे. 2003 मध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेवर गुर्गलर आइसयोख हिमनदीपाशी, 3,134 मीटरवर, सिमोने बार्तोलिनी हे नकाशाकार सीमेच्या मोजणीवर होते. त्यांना बर्फात बर्चची वाकवलेली फांदी आणि तिला बांधलेली दोरी मिळाली. असेल कुणा शेतकऱ्याचं शंभरेक वर्षांपूर्वीचं, म्हणून त्यांनी ती फ्लॉरेन्सच्या कचेरीत भिंतीला लावली. तिथे ती बारा वर्षं होती. खाली फायली सरकल्या असतील, कॉफ्या झाल्या असतील, कुणी धूळ झटकली असेल, नसेलही. मग शंका आली, कार्बन चाचणी झाली: इ.स.पू. 3800 ते 3700. म्हणजे 1991 मध्ये त्याच डोंगररांगेत सापडलेल्या ओत्झी या गोठलेल्या प्राचीन माणसापेक्षाही काही शतकांनी थोरली.

मला त्या गाठी काही सुचू देत नाहीत. बोटं बधिर होण्याआधी, घरात बसून मारल्या असणार. आणि सापडला एकच. दुसऱ्या पायातला कुठे गेला? तो माणूस लंगडत उतरला, की उतरलाच नाही? लेकीला विचारलं, तर ती थर्मासचं झाकण उघडण्यात गुंतलेली. "असेल गं काहीतरी," म्हणाली. चहा मात्र फर्मास होता.

कचेरीवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या आजेसासूबाईंचा पाटा गॅलरीत वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली आहे. त्याचं वय कुणी विचारलेलं नाही. मशीन हलत नाही, एवढं खरं.