टोपँगाच्या घाटांतील उत्सवमूर्ति

परदेशीं जाऊन आलेल्या गृहस्थानें तेथील गगनचुंबी इमारती, प्रपात आणि पदार्थसंग्रहालयें यांचें वर्णन करावें, असा आपल्याकडील प्रवासलेखनाचा शिरस्ता आहे. परंतु एखाद्या शहराचा स्वभाव जितका त्याच्या प्रेक्षणीय स्थळांत दिसतो, त्याहून अधिक तो तेथील माणसें सकाळीं कामाला कशीं जातात यांत दिसतो. लॉस एंजेलिस हें अफाट पसरलेलें शहर तर मोटारीसाठींच वसविलें आहे कीं काय असें वाटतें. तेथें रस्त्याच्या कडेनें कोणी पायीं चालतांना दिसला, तर त्याची गाडी बिघडली असावी असा तर्क प्रथम मनांत येतो. अशा या शहरांत आमचा पुतण्या रोज कचेरीला जातो तो एका नक्कल मोटारींतून. तिच्या निमित्तानें अस्सल कशाला म्हणावें व नक्कल कशाला, याविषयीं जे विचार मनांत आले, ते वाचकांपुढें ठेवावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ही मोटार दिसावयास १९५७ सालच्या पोर्श स्पीडस्टरसारखी हुबेहूब आहे. बुटकी, पाठीला गोलसर, ओढ्याच्या पाण्यानें गुळगुळीत केलेल्या गोट्यासारखी. समोरची कांच इतकी ठेंगणी कीं उंच माणसाचें कपाळ तिच्या वर यावें. दारांना कांचा नाहींत; पाऊस आलाच तर अडकवावयाचे पडदे आहेत. बसावयास जागा दोघांपुरती, आणि यंत्र पुढें नसून पाठीमागें.

मूळ स्पीडस्टर घडली जर्मनींत, पण तिची मागणी अमेरिकेंतून गेली. मॅक्स हॉफमन या न्यूयॉर्कच्या मोटारविक्रेत्यानें पोर्श कारखान्यास सुचविलें कीं, चैनीचा साज उतरविलेली एक स्वस्त, उघडी गाडी द्याल तर ती येथें खपेल. १९५४ सालीं ती २९९५ डॉलरांस विक्रीस आली आणि १९५८ पर्यंत अशा सुमारें चार हजार गाड्या निघाल्या. आठवडाभर तिनें कामावर जावें आणि रविवारीं तीच गाडी शर्यतींत उतरवावी, अशा हौशी तरुणांची ती गाडी होती. आज त्याच अस्सल गाडीचें मोल लाखों डॉलरांत गेलें आहे, आणि म्हणूनच ती रस्त्यावर क्वचित् दिसते. धन्याला ती चालविण्याचें भय वाटतें. जी वस्तु वापरण्यासाठीं स्वस्त केली, ती महाग झाल्यामुळें वापरांतून गेली, असा हा उलटा न्याय आहे.

नकलेची वंशावळ मात्र ऐकण्यासारखी आहे. फोक्सवागन कारखान्याची ती जगप्रसिद्ध ‘बीटल’ मोटार आंखली फर्डिनांड पोर्श यांनीं. पुढें १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं, एका जुन्या लांकूड-गिरणीच्या जागेंत, त्यांच्या पुत्राच्या देखरेखीखालीं पोर्श नांवाची पहिली गाडी तयार झाली, तेव्हां तिचें यंत्र व इतर बरेचसे भाग याच बीटलचे होते. म्हणजे अस्सल पोर्श ही मुळांत बीटलची लेक! आतां आमच्या पुतण्याच्या गाडीकडे पाहा. बीटलच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २४०० मिलिमीटर, स्पीडस्टरचें २१००. नक्कल करणारे कारागीर बीटलचा सांगाडा घेतात, मधला सुमारें फूटभर तुकडा कापून काढतात, तो पुन्हां सांधतात आणि त्यावर कांचतंतूंचें ओतीव कवच बसवितात. तुरीन येथें इंटरमेकॅनिका नांवाचा मोटारींचा कारखाना काढणाऱ्या फ्रँक राइस्नर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत येऊन अशा गाड्या करण्यास आरंभ केला, आणि पुढें इतरांनींही तीच वाट धरली. नातवंडानें आजोळीं जाऊन आजीच्या मांडीवर बसावें, तशी ही नक्कल पुन्हां बीटलच्या सांगाड्यावर येऊन बसली आहे. शिवाय २००३ सालीं मेक्सिकोंत शेवटची बीटल बाहेर पडेपर्यंत जगांत दोन कोटींहून अधिक बीटल झाल्या. त्यामुळें या गाडीचा कोणताहि भाग कोठेंहि आणि बेताच्या किंमतींत मिळतो. रोजच्या वापराचें रहस्य या एका गोष्टींत आहे.

पुतण्याचें बिऱ्हाड वुडलंड हिल्स या उपनगरांत, आणि कचेरी समुद्रकांठच्या सांता मोनिका येथें. मध्यें डोंगराची रांग आडवी. ती ओलांडावयास दोन वाटा आहेत. एक हमरस्त्याची; तेथें हजारों मोटारींच्या रांगेंत मुंगीच्या पावलानें सरकावयाचें. दुसरी टोपँगा नांवाच्या घाटाची. माथ्यावर चढून मागें पाहावें तर सॅन फर्नांडो खोऱ्याचा घरांनीं भरलेला तळ एका दृष्टिक्षेपांत येतो. पुढें उतार लागला कीं ओक व सायकामोर वृक्षांची सावली, एक चिमुकलें खेडें, ओढ्याच्या कडेनें वळत जाणारा रस्ता. आणि शेवटीं दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात कीं पाठीमागच्या यंत्राचा फटफटाट त्यांवर आदळून आपल्याच कानीं परत येतो. मग एकाएकीं वळण संपतें आणि समोर पॅसिफिक महासागर उभा राहतो. तेथून डावीकडे वळून समुद्र उजव्या हातास ठेवला कीं थोड्याच मैलांत सांता मोनिका येतें.

हाच रस्ता मीं सूनबाईंच्या बंद गाडींतूनहि पाहिला होता. तेव्हां तो कांचेआडच्या चित्रासारखा वाटला. उघड्या गाडींत तो अंगाला लागतो. खोऱ्यांतील कोरडी ऊब, सावलींतला गारवा आणि किनाऱ्यावरील धुक्याचा ओलावा हे तीन ऋतु अर्ध्या-पाऊण तासांत भोगावयास मिळतात. जानेवारी २०२५ मधील पॅलिसेड्सच्या वणव्यानें या किनाऱ्यावरील घरांच्या ओळीच्या ओळी नाहींशा केल्या. मी गेलों तेव्हां समुद्राच्या बाजूस रिकामे चौथरे आणि एकाकी उभीं राहिलेलीं धुराडीं दिसत होतीं. बंद गाडींतून तीं नुसतीं दिसलीं होतीं. या गाडींत जळक्या मातीचा वास आला, आणि कोणी कांहीं न सांगतां दोघेहि गप्प झालों.

परंतु या सुखाचें मोल रोजच्या रोज मोजावें लागतें. हें यंत्र पाण्यानें नव्हे, वाऱ्यानें थंड होतें. त्याच्या पोटांत तेल तें अवघें अडीच लिटर. तें थोडें कमी झालें तरी यंत्राच्या जिवावर बेततें. म्हणून दर रविवारीं सळई घालून तेल पाहावयाचें, आणि दर तीन हजार मैलांस तें बदलून, थंड यंत्राच्या झडपांमधील फट सहा हजारांश इंचांवर आणून ठेवावयाची. आमच्या आजीच्या सोंवळ्यासारखा हा नेम आहे. त्यांत सवलत नाहीं. कवच गंजत नाहीं, हा अस्सलाच्या पोलादी पत्र्याहून नकलेचा एक गुण. पण खालचा सांगाडा लोखंडाचाच असल्यामुळें खाऱ्या वाऱ्यांतून आल्यावर त्याची निगा राखावी लागते. उन्हाळा तर विचारूंच नये. वुडलंड हिल्स येथें ६ सप्टेंबर २०२० रोजीं १२१ अंश फॅरनहाइट उष्णता नोंदली गेली. अशा दिवसांत बिनछपराच्या गाडीचें काव्य छपराखालीं उभें करून ठेवणें हेंच शहाणपण.

एके सकाळीं घाटाच्या मध्यावर गति देण्याची तार तुटली. पाय दाबावा तरी यंत्र हूं कीं चूं करीना. पुतण्यानें गाडी कडेच्या मोकळ्या जागेंत लोटली, पुढच्या झांकणाखालून नवी तार काढली आणि बाह्या सरसावून कामास लागला. तेवढ्या अर्ध्या तासांत तीन गाड्या थांबल्या. एका वृद्ध गृहस्थानें, आपण कॉलेजांत असतां आपल्यापाशीं बीटल होती असें सांगून, तार ओवतांना दुसरें टोंक धरलें. ज्या शहरांत शेजारच्या मोटारींतील मनुष्याचें तोंडहि कोणी पाहत नाहीं, तेथें ही गाडी माणसांना बोलतें करते. तांबड्या दिव्यापाशीं थांबली कीं कोणीतरी विचारतोच, “ही खरी आहे का?” आणि पुतण्या दर वेळीं हंसून सांगतो, “नाहीं, नक्कल आहे.”

हें उत्तर दिसतें तितकें लहान नाहीं. अशा गाड्यांवर अस्सल कारखान्याचीं अक्षरें डकवून कोणी मौन पाळतात. ज्याला जें समजावयाचें तें समजूं द्यावें अशी त्यांची नीति. कायद्यानें मात्र या वाहनांस त्यांची स्वतःची जागा दिली आहे. कॅलिफोर्नियांत अशी गाडी ‘विशेष घडविलेलें वाहन’ म्हणून नोंदतां येते, आणि २००१ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें दर वर्षीं अशा पांचशे वाहनांस, ज्या सालच्या मोटारीसारखीं तीं दिसतात त्या सालचे धुराचे नियम लावून घेण्याची मुभा मिळते. १९१५ नव्हे, २०१५ सालीं, म्हणजे मूळ गाडीनंतर साठ वर्षांनीं, अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनेंहि लहान कारखानदारांस वर्षाला ३२५ पर्यंत नक्कल मोटारी तयार करून विकण्याची वाट मोकळी केली. नकलेनें नक्कल म्हणून नांव सांगितलें कीं तिला मान ताठ ठेवून रस्त्यावरून जातां येतें.

खरा पेंच पडला तो घरांत. पुतण्याची आठ वर्षांची मुलगी हट्ट धरून बसली कीं, शाळेंत जाईन तर बाबांच्या गाडीनें. सूनबाईंनीं नकार दिला. पुतण्याचें म्हणणें, शाळा जवळ आहे, रस्ता संथ आहे, आणि कमरेला पट्टा असतोच. सूनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काका, तुम्हीच सांगा. हे स्वतः जातात त्याला माझी ना नाहीं. धोका यांना कळतो, आणि तो यांनीं पत्करला आहे. पोरीला तो कळत नाहीं. मग तिच्या वतीनें तो कुणीं पत्करायचा?”

या प्रश्नास बगल देण्यासारखी ती गाडी नाहीं. अपघाताच्या क्षणीं फुगून अंग सांवरणाऱ्या हवेच्या पिशव्या तिच्यांत नाहींत, दाराच्या आंत पोलादाची आडवी पट्टी नाहीं, घसरणाऱ्या चाकांना आंवरणारी आधुनिक योजना नाहीं. शेजारून जाणाऱ्या उंच गाडीच्या चाकाचा तुंबा आपल्या डोळ्यांच्या रेषेंत येतो. तिच्या चालकाला आपण दिसतों कीं नाहीं हें देवच जाणे. तरुण नट जेम्स डीन यानें आधीं स्पीडस्टर वापरली आणि मग ती देऊन पोर्शचीच अधिक वेगवान ‘स्पायडर’ घेतली. ३० सप्टेंबर १९५५ रोजीं याच प्रांतांत, चोलेम या ठिकाणाजवळच्या तिठ्यावर, समोरून येणारी मोठी मोटार त्याच्या वाटेंत वळली आणि वयाच्या चोविसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. ती बुटकी गाडी आपल्याला दिसलीच नव्हती, असें त्या दुसऱ्या चालकाचें म्हणणें होतें.

पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “शाळेला ती तुझ्याच गाडीनें जाऊं दे.” त्या दिवसापासून आणखीहि दोन गोष्टी त्यानें स्वतःच ठरविल्या: पावसांत व अंधार पडल्यावर ही गाडी काढावयाची नाहीं, आणि हमरस्त्यावर ती न्यावयाची नाहीं. मुलगी रडली. पण रविवारीं सळई पुसून तेलाची खूण पाहण्याचें काम तेव्हांपासून तिच्याकडे आलें आहे, आणि तें ती शाळेच्या अभ्यासाहून अधिक काळजीनें करते.

परत येण्यापूर्वीं विल्शायर बुलेव्हार्डवरील पीटरसन मोटार-संग्रहालय पाहिलें. तेथील संग्रहांत स्टीव्ह मॅक्वीन या नटाची हिरवी जॅग्वार एक्सकेएसएस आहे. या जातीच्या त्या काळीं अवघ्या सोळाच गाड्या पुऱ्या झाल्या. मॅक्वीन ती रात्रीं डोंगरमाथ्यावरील मुलहॉलंड ड्राइव्हवरून भरधांव नेत असे म्हणतात. आतां ती झगझगीत दिव्यांखालीं जपली जाते, आणि तें योग्यच आहे. ती गेली तर पुन्हां येणार नाहीं. अस्सल वस्तु कोठेंतरी अस्सल राहिली पाहिजे. नाहींतर नक्कल कशावरून करावयाची, हें पुढच्या पिढीला कळणार नाहीं.

आपल्या देवळांत हा विचार फार पूर्वींच झाला आहे. मूळ मूर्ति गाभाऱ्यांतून हालत नाहीं. पालखींत बसून गांवांतून फिरते, धूळ, गुलाल व गर्दी सोसते, ती उत्सवमूर्ति. पालखी दाराशीं आली असतां “ही खरी का?” असें कोणी विचारीत नाहीं, बायका पंचारती घेऊन पुढें होतात. उत्सवमूर्तीहि मी गाभाऱ्यांतली असें कधीं सांगत नाहीं. टोपँगाच्या घाटांतून रोज सकाळीं फटफटत उतरणारी ती बुटकी मोटार मला या नात्यानेंच पटली.

आपल्यापैकीं अनेक घरांत आजीची पैठणी पेटींत घडी घालून ठेवलेली असेल. तिची जर आतां हात लावतां तुटते. तिच्या काठपदरावरून नवें लुगडें विणून घेऊन नातसुनेनें तें सणावारीं नेसलें, तर पैठणीचा अपमान होत नाहीं; उलट तिचे मोर पुन्हां चार माणसांत नाचतात. मात्र तें आजीचेंच आहे असें सांगूं नये, आणि तें नेसून चुलीपाशीं उभें राहूं नये.