तारीख उलटण्याआधी

शिरूरला लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले तेव्हा रक्ताची टंचाई एवढंच माहीत होतं. रक्त वाया जातं, हे रक्त साठवण केंद्राच्या फ्रीजशी संबंध आल्यावर कळलं. असं केंद्र स्वतः रक्त गोळा करत नाही. पुण्याच्या रक्तपेढीतून तपासलेल्या पिशव्या यायच्या, आम्ही त्या २ ते ६ अंशांत ठेवायचो आणि क्रॉसमॅच करून द्यायचो. संपूर्ण रक्त ३५ दिवस टिकतं, लाल पेशी ४२ दिवस. तारीख उलटली की पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये. कुणीतरी शिबिरात रांगेत उभं राहून दिलेलं ते रक्त टाकताना मला फार वाईट वाटायचं, आजही वाटतं.

यावर ‘साठाच कमी ठेवा’ असा सल्ला मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा कोरेगाव भीमा, वाघोली ओलांडून पुण्याहून गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. ओ ग्रुपच्या पिशव्या तालुक्याच्या गावी हव्यातच, आणि त्या लागल्या नाहीत तर ती चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्या इथेच संपू द्यायच्या नाहीत. मुदत दोनेक आठवडे उरली की ती पिशवी पुण्याला परत आणि तिच्या जागी ताजी, असं आम्ही रक्तपेढीशी बोलून ठरवलं. मोठ्या रुग्णालयात ती एखाद्या दिवसात वापरली जाते. मात्र तापमानाची नोंद चोख लागते, आणि डब्यातला बर्फ पिशवीला थेट चिकटून चालत नाही, पेशी फुटतात.

खरी झीज वॉर्डात होते. सिझेरियनसाठी दोन पिशव्या राखून ठेवायला सांगतात, ऑपरेशन सुखरूप होतं, बाई बाळाला घेऊन घरी जाते आणि पिशव्या तिच्याच नावाने अडकून राहतात. मी रोज सकाळी वॉर्डात फोन करून त्या मोकळ्या करून घ्यायला लागले. दुसरं, पिशवी आधी नेऊन टेबलावर ठेवायची सवय. मग कळतं की पेशंटला ताप आहे, किंवा संमतीपत्रावर सही नाही. अर्ध्या तासाच्या वर बाहेर राहिलेली पिशवी परत साठ्यात घेता येत नाही. म्हणून सिस्टरांना सांगितलं, सही घ्या, ताप-नाडी बघा, शीर मिळवून ठेवा आणि मगच माणूस पाठवा. सुरुवातीला कुरकुर झाली. एका सिस्टरांनीच पुढे ते फळ्यावर लिहून ठेवलं.

पुढे दौंडला आले. राज्य राखीव पोलीस दल, रेल्वे, कुरकुंभची एमआयडीसी. रक्त द्यायला माणसं कधी कमी पडली नाहीत. अडचण तारखांची होती. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शिबिरांची झुंबड, आणि मे महिन्यात फोन केला तर कुणी गावाला, कुणी लग्नाला. मार्चअखेर रक्त दिलेला पुरुष तीन महिने पुन्हा देऊ शकत नाही, बाईला चार महिने थांबावं लागतं. म्हणजे गर्दीतलं रक्त मुदतीत संपत नाही आणि उन्हाळ्यात दाताही हातचा गेलेला असतो. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात. २०१७मध्ये चेतन कोठारी यांनी माहिती अधिकारात मिळवलेला आकडा छापून आला होता: देशात पाच वर्षांत रक्त आणि रक्तघटकांची २८ लाखांहून अधिक युनिट टाकून दिली गेली. त्यामागे साठवणुकीतल्या, तपासणीतल्या अनेक गोष्टी असतील. पण शिबिरात किती बाटल्या जमल्या यावरच कौतुक होत राहिलं, तर हा आकडा कसा उतरणार?

एका गणेश मंडळाच्या अध्यक्षांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ताई, पोरं तयार आहेत. तारीख तुम्ही सांगा.” मी तारखेऐवजी यादी मागितली. नाव, ग्रुप, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. त्या वर्षी मंडळाची मुलं एकदम न येता एप्रिल-मेमध्ये थोडी थोडी, रक्तपेढी सांगेल तशी आली. ओ निगेटिव्हच्या मुलांना शिबिरात बसवलंच नाही. त्यांचे नंबर रक्तपेढीला दिले, गरज पडेल तेव्हाच बोलवायला.